हातातून सुटलेली काठी

दोन घरांच्या मधल्या मेरेवरच्या मानकुराद आंब्याला एक खोड होती. तो वर्साआड धरायचा. एका वर्षी फांद्या मोडतील एवढा, आणि दुसऱ्या वर्षी औषधाला आंबा मिळायचा नाही. आणि जुन्या माणसांनी वाटणी केली होती ती अशी, की एक वरीस वरच्या घराचं, एक वरीस खालच्या घराचं. वाटणी करणारे शहाणे मरून गेले. झाड राहिलं. पन्नास वर्सं वरच्या घराच्या शंभूकडे आंबे आणि खालच्या घराच्या जयरामाकडे पानं, असा कारभार चालला. जयरामाची बायको कमलाक्षी लग्न होऊन कोरगावात आली त्याला सव्वीस वर्सं झाली. एवढ्या काळात तिने त्या झाडाचा आंबा खाल्ला तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकत घेऊन. विकणारा शंभूच.

शंभू म्हणजे जयरामाचा चुलतभाऊ, वयाने मोठा. कमलाक्षी त्याला भावजी म्हणायची. तोंडावर तरी.

मग एका वर्षी मोहोराच्या वेळेला पाऊस पडला, भलत्याच महिन्यात. मोहोर काळा पडून गळून गेला आणि झाडाची चाल चुकली. शंभूचं वरीस कोरडं गेलं. पुढच्या वर्षी, जयरामाच्या वर्षी, झाड असं लगडलं की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची.

शंभू म्हणाला, "कोरड्या वर्साक वरीस म्हणत नाय. ह्या वरीस माझाच."

जयराम मऊ माणूस. भांडण दिसलं की त्याला गोठ्यातलं काम आठवायचं. तो म्हणाला, "जावंदे."

कमलाक्षीने जाऊ दिलं नाही.

मे महिना होता, अंगणवाडीला सुट्टी होती. ती अंगणवाडीत मदतनीस, अठरा वर्सं. सकाळी नवाच्या सुमाराला तिने लांब बांबू काढला. त्याच्या टोकाला जाळी आणि वर कोयती बांधलेली. मेरेच्या दगडी गडग्यावर चढून उभी राहिली आणि बांबू फांदीत घातला. चार आंबे जाळीत पडले. पाचव्याला वरच्या घरातून शंभू धावत आला आणि नेमका फांदीखाली येऊन उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर.

"कमलाक्षी, काठी खाली घे. ह्या वरीस माझा."

"तुमचा गेल्या वर्सा झाला. झाडान धरूक नाय तर झाडाक इचारा."

"कोरडा वरीस कोण मोजता?"

"आमी सव्वीस मोजली, भावजी."

शंभूचा मुलगा गौरेश आणि त्याची बायको पडवीत आली. रस्त्यावर दोघं-तिघं थांबली. माणसं बघायला असली की शंभूला जास्त बोल सुचतात. तो म्हणाला, "डिचोलीच्या खाणीचो धुरळो खाऊन वाढलेल्यांका मानकुरादाची चव काय कळतली? बापूस ट्रकाचो क्लीनर."

बाप मरून तीन वर्सं झाली होती तिचा. छाती भरून गेला होता, त्याच धुरळ्याने.

"मेल्या," कमलाक्षी म्हणाली, आणि ते वाड्यावरच्या सगळ्या घरांनी ऐकलं, "तुझी टकली फुटो."

आणि तिने बांबूला हिसका दिला. कोयती देठावर बसली नाही, ती बाजूच्या पानांच्या घरात घुसली. हुमल्यांचं घर. हे तांबडे मुंगळे आंब्याची पानं शिवून शिवून नारळाएवढं घर करतात आणि त्याला धक्का लागला की घरातला एकजात बाहेर पडतो. अख्खं घर फुटून कमलाक्षीच्या तोंडावर आलं. कानात, गळ्यात, पोलक्यात. एक डोळ्यात.

त्यानंतरचं तिला आठवतं ते एवढंच, की डोळ्यात निखारा गेला. आणि मग शंभूची किंकाळी ऐकू आली.

कोयती त्याच्या खांद्यावर बसली होती, मानेच्या बाजूला. चार बोटं वर बसली असती तर माणूस गेला होता.

*

म्हापशाच्या इस्पितळात सात टाके पडले. कोयत्याचा घाव म्हटल्यावर तिथल्यांनी पोलिसांना कळवलं. पोलीस खाटेजवळ आला, गौरेश उशाशी उभा होता. पोलिसाने विचारलं, कोणी मारलं? शंभू दुखण्याने आणि रागाने अर्धा झाला होता. म्हणाला, "कमलाक्षीन मारला." गौरेश म्हणाला, "टकली फुटो म्हणून सांगून मारलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

झालं. केस उभी राहिली.

आठ दिवसांनी अंगणवाडीच्या बाई घरी आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "वरून कागद आलाय, कमलाक्षी. निकाल लागेपर्यंत तू येऊ नको. सुटलीस तर परत ये. शिक्षा लागली तर मग..." मग काय ते त्यांनी सांगितलं नाही. कमलाक्षीने अंगणवाडीची चावी खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. अठरा वर्सं ती चावी त्याच खिळ्याला होती, भिंतीवर तेवढ्यापुरता डाग पडला होता.

वाड्यावरचा मधुकर, त्याचं सोडा-पेपरमिंटचं दुकान, माणूस मदतीला फार पुढे. तो संध्याकाळी आला. "वहिनी, काय भियेव नका. मी कोर्टात सांगतंय, तुमी थय नव्हताच. माझ्या दुकानार होतास. साबण घेत होतास."

"आणि काठी कोणाच्या हातात होती?"

"काठी कोणाच्या का हातात असेना. तुमी साबण घेत होतास."

"मधुकर," जयराम म्हणाला, "तेव्हा तूच तिका रिक्षात घालून डोळो धुवूक न्हेलंस. रिक्षावालो सांगतलो मरे."

मधुकर विचारात पडला. "तसा म्हणतास? मग दोन दिस आधी साबण घेतल्यानी म्हणूया."

सरकारकडून फुकट वकील मिळतो म्हणून कोणीतरी सांगितलं. जयराम आणि कमलाक्षी पेडण्याला गेली. वकील म्हणजे ऋतिका, म्हापशाची, तिशीच्या आतली, पायात रबरी चपला, कारण पाऊस सुरू झाला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मधुकराचा साबणसुद्धा.

"त्या साबणवाल्याला कोर्टाच्या वाटेला पाठवू नका," ती म्हणाली. "खोटं कशाला? खरं आहे तेच पुरतं. काकी, गुन्हा व्हायला हात आपण हलवावा लागतो. मनाने. माणसाला फेफरं आलं, झटका आला आणि हात कोणाला लागला, तर कायदा म्हणतो, ते त्याचं करणं नव्हे. डोळ्यात हुमला गेला आणि हात आपसूक उडाला, तर ते तुमचं करणं नव्हे."

कमलाक्षीने हे दोनदा समजून घेतलं. "म्हणजे हात माझो. पण मी नाय."

"तसंच."

"आणि मनात असला तर?"

ऋतिकाने पेन खाली ठेवलं. "काय असलं तर?"

"टकली फुटो म्हटलंय. मनातसून म्हटलंय. मागसून हुमलो चावलो. मधी कितको वेळ गेलो? चुटकी मारीसर. त्या चुटकीत हात कोणाचो होतो, ता माका ठावक नाय. माझे डोळे मिटलेले."

जयराम घाईने म्हणाला, "ही काय पण बोलता. तिका ताप येता मधी मधी."

"ताप नाय येणा."

वकीलबाईने पेन परत उचललं. मग म्हणाली, "मनात काय होतं याची शिक्षा नसते, काकी. हाताने काय केलं ते बघतात. मारणारा काठी घट्ट धरतो. तुमची काठी सुटली की मारली? हे कोणी बघितलं असेल तर सांगा."

नीट बघितलं एकाच माणसाने. जो खाली उभा राहून वर बघत होता.

*

आषाढात लावणी आली. दोन्ही घरांची शेतं एकाला एक लागून. पूर्वी शंभूच्या घरची माणसं यांच्या चिखलात, यांची त्यांच्या चिखलात, दोन दिवसांत दोन्ही शेतं हिरवी. त्या साली शंभूने पैसे देऊन माणसं आणली. जयराम आणि कमलाक्षी दोघंच वाकून लावत राहिली, पाच दिवस. पाठीवर पाऊस, पायाला चिखल्या. मेरेपलीकडून बायका गाणं म्हणायच्या, कमलाक्षीने मान वर केली की गाणं थांबायचं.

रोप लावताना हात चालायचा. पण धारेचं काही हातात घेतलं की तिचा जीव वर यायचा. गवताला विळा जयराम न्यायचा. आडाळ्यावर बांगडे चिरायला बसली की मध्येच उठायची. सासू यशोदा, ऐंशीच्या घरातली, दोन दिवस बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः आडाळ्यावर बसली.

"तू काय हाताक भियेतस?"

"होय."

"हात तुझोच मगो."

"ताच बघूचा आसा, आये."

यशोदा बांगड्याचं डोकं कापत म्हणाली, "मग देवाक इचारूया. देवळात जावन प्रसाद लावूया. उजवो पडलो तर तुझ्या मनात काय नव्हता. डावो पडलो तर..."

आमच्या बाजूला हे असतं. देवाच्या अंगावर फुलाच्या कळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्न, विहीर, गाय विकणं, सगळं यावर चालतं. यशोदेच्या घरात तिच्या शब्दाबाहेर जाऊन कोणी प्रसाद नाकारला नव्हता.

"नको," कमलाक्षी म्हणाली.

"नको म्हणजे?"

"डावो पडलो तर माका ह्या घरात रवूक जमाचा नाय. कोर्टान शिक्षा दिली तर भोगून येईन. देवान दिली तर खय जाऊ?"

म्हातारीने चिरायचं संपवलं. बांगडे धुतले, मीठ लावलं. मग आडाळा उभा करून भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "बरा. मग कोर्टाचाच बघूया."

तारखा पडत गेल्या. एक दिवस न्यायाधीश रजेवर, एक दिवस पोलीस आला नाही, एक दिवस संप. प्रत्येक वेळी कमलाक्षी ठेवणीतली तीच निळी साडी नेसून पेडण्याला जायची आणि संध्याकाळी तिची घडी करून ठेवायची. वाटेत बायका विचारायच्या, "आज काय झाला गो?" ती म्हणायची, "नुसती बसान इलंय." गावात कोणीतरी तिला कोयतेवाली नाव ठेवलं होतं. लहान पोरं, जी तिच्या मांडीवर बसून उसळ खायला शिकली, ती तिला बघून आईचा पदर धरायची. हे तिला सगळ्यात जड गेलं. दीड वरीस असं गेलं.

*

शंभूची साक्ष लागली त्या दिवशी कोर्टात पंखा चालत नव्हता.

शंभू पिंजऱ्यात चढला तो डाव्या हाताने कठडा धरून. कमलाक्षीने त्याला इतक्या जवळून दीड वर्सांत पाहिलं नव्हतं. वाळला होता. उजवा हात त्याने पोटाशी धरला होता, लहान पोराला धरावं तसा. घावाने आतली कसलीतरी शीर दुखावली होती आणि हात मध्येच उडायचा. गावात ऐकलं होतं तिने. मधुकर तर म्हणायचा, शंभू नाटक करतो.

सरकारी वकिलाने विचारलं, "भांडण झालं?"

"झाला."

"आरोपीने शिवी दिली?"

"दिली. टकली फुटो म्हणाली."

"आणि लगेच कोयती बसली?"

"लगेच."

गौरेश मागच्या बाकावर मान हलवत होता, बापाला धडा पाठ आहे ना ते बघावं तशी.

 शंभूने पाणी मागितलं. शिपायाने भरलेला पेला आणून उजव्या बाजूने दिला. सवयीने शंभूने उजवा हात पुढे केला आणि पेला ओठापर्यंत जायच्या आत हात उडाला. सगळं पाणी सरकारी वकिलाच्या कागदांवर.

"अहो, काय करता काय?" वकील कागद झटकत म्हणाला. "अंगावर फेकता?"

"मी नाय फेकूक, साहेबांनू," शंभू म्हणाला. "हात गेलो. मी..."

आणि तो तिथेच थांबला.

न्यायाधीशबाईने शिपायाला फडकं आणायला सांगितलं. शंभू आपल्या त्या हाताकडे बघत उभा होता. कोणी हसलं नाही. कागद पुसून झाले. शिपायाने पेला परत भरून आणला, या वेळी डाव्या हातात दिला. शंभूने सगळा प्यायला.

ऋतिका उठली. पाण्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

"काठी फांदीत आधी गेली की तुम्ही खाली आधी आलात?"

"काठी आधी. मी मागसून धावत इलंय."

"तुम्ही वर बघत होता?"

"होय."

"कोयती बसली तेव्हा कमलाक्षीचे हात कुठे होते?"

शंभूने मागे गौरेशकडे बघितलं. मग समोर बघितलं. कमलाक्षीने मान खाली घातली होती.  जेलची, नोकरीची भीती होतीच, पण त्याच्याही पुढची एक होती. हा माणूस आता सांगणार होता, तो हात कोणाचा.

"तोंडार," शंभू म्हणाला.

"नीट सांगा."

"दोनी हात तोंडार होते. डोळे चोळी होती. गालार, मानेर हुमलेच हुमले. लाल तोंड झालेला."

"मग काठी कोणाच्या हातात होती?"

"कोणाच्याच नाय. काठी एकटीच खाली इली."

मागे गौरेश उठून बाहेर गेला. सरकारी वकील म्हणाला, "पोलिसांना तर तुम्ही सांगितलंत, हिने मारलं."

"सांगलंय. माका राग इलेलो, साहेबांनू. आणि दुखी होता."

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईने कमलाक्षीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. ऋतिकाने तिला आधीच पढवून ठेवलं होतं, अपघात झाला एवढंच म्हणा, एक शब्द जास्त नको.

"माका शपथ घालूक नाय?" कमलाक्षीने विचारलं.

"आरोपीला या वेळी शपथ नसते."

"मग बिनशपथेचा खरा सांगतंय. टकली फुटो म्हटलंय ता मीच म्हटलंय. माझ्या बापाशीक बोलले म्हणान म्हटलंय. मनात पण ताच होता." ऋतिकाने डोळे मिटले. "पण काठी मारूक नाय. काठी धरून ठेवची होती, ती माझ्यान धरूक जमाक नाय. हात माझ्या आधी डोळ्याक गेले."

सरकारी वकील काहीतरी बोलायला उठला. न्यायाधीशबाई म्हणाली, "बसा. त्यांचं टाइप होऊ दे."

*

निकाल तीन आठवड्यांनी लागला. न्यायाधीशबाईने इंग्रजीत वाचला. कमलाक्षीला काही कळलं नाही, ती ऋतिकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ऋतिका वळली आणि म्हणाली, "घरी जा, काकी. सोमवारी कागदाची नक्कल घेऊन अंगणवाडीत जा."

जयराम व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला गोठ्यातलं काम आठवलं असतं, पण गोठा लांब होता.

कोर्टाच्या पायरीवर शंभू बसला होता. त्याचं तिथे काही काम नव्हतं. निकाल ऐकायला आला होता, एकटाच, हातात पिशवी. 

दुपारची बस भरून आली. जयरामाला पुढे उभं राहायला जागा मिळाली. कमलाक्षीला कंडक्टरने मागे ढकललं आणि म्हणाला, "बसा हो बाय, हय जागा आसा." जागा होती ती शंभूच्या बाजूला. ती उभी राहिली. बस वळणावर कलली तशी बसली.

मालपे गेलं. भातं कापून शेतं मोकळी झाली होती. शंभूचा हात दोनदा उडाला. दोन्ही वेळा त्याने डाव्याने दाबून धरला.

"दुखता?" कमलाक्षीने विचारलं, खिडकीकडे बघत.

"पावसात."

परत थोडा रस्ता गेला.

"भावजी," ती म्हणाली, "कोर्ट सुटला. आता खरा सांगा. तुमी वर बघी होतास. माझा तोंड कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"मारणाऱ्यासारखा होता?"

शंभूने तिच्याकडे मान वळवली. मान अर्धीच वळायची त्याची, म्हणून अंगच वळवलं. "हाच धरून बसलंस इतके दिस?"

"होय."

"खुळा गो तू." त्याने पिशवी मांडीवर घेतली. "भियेलेला होता. माझ्यापेक्षा जास्त भियेलेला. आणि ओरडलंस ना तू."

"टकली फुटो म्हणान."

"ता आधी. मागसून हुमले चावले नि काठी सुटली, तेव्हा ओरडलंस, भावजी, सरा. त्याच्या आधी मेल्या म्हणी होतंस. काठी सुटली तसा भावजी म्हटलंस. तोंडार हात होते, म्हणान माकाच ऐकू इला. मी सरलंय म्हणान खांद्यार बसली. नायतर टकलीतच बसती."

कमलाक्षीने तोंडावर पदर धरला. बस खड्ड्यातून गेली, माणसं एकमेकांवर पडली, कंडक्टर कोणालातरी शिवी देत पुढे गेला.

"कोर्टात कित्याक सांगूक नाय ह्या?" तिने विचारलं, आवाज नीट झाल्यावर.

"कोणी इचारूकच नाय," शंभू म्हणाला. "त्या वकील पोरग्यान हात खय होते इतकाच इचारला."

ती हसली. हसताना डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. पुढून जयराम मान लांब करून बघत होता, बायको रडते की हसते ते त्याला कळेना, आणि शंभूशी बोलते हे तर त्याहून कळेना.

कोरगाव आलं. शंभू उठला, कठडा धरायला डावा हात हवा आणि डाव्या हातात पिशवी. तो पिशवी उजवीकडे घेऊ लागला.

"ती पिशवी हय द्या," कमलाक्षी म्हणाली.

शंभूने दिली. जड होती. तिने ती दुसऱ्या हाताने सावरली आणि त्याच्या आधी खाली उतरून उभी राहिली, पायरीकडे बघत.

"सावकाश उतरा, भावजी," ती म्हणाली.